काथ्यावाल्या शेठची बिननावाची खोली

"काथ्यावाले शेठ गेले," अण्णांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं आणि माझा चहा कपात तसाच राहिला. त्याला आता तीन आठवडे झाले. महाराष्ट्र झाला तेव्हा याच शेठनी वाडीभर पेढे वाटले होते...

धरमशीशेठ मूळचे कच्छचे. फणसवाडीच्या नाक्यावर काथ्याचं दुकान, बंदरातल्या गलबतांना दोरखंड पुरवायचे. मराठी मोडकंतोडकं, पण बोलणं बिनधास्त. आमच्या गिरगावात कुणी साधं बाकडं दिलं तरी त्यावर आजोबांपासून सगळ्यांची नावं कोरून घेतो. या माणसाने चाळीतल्या मुलींना अभ्यासाला अख्खी खोली दिली, दिव्या-पंख्यासकट, आणि पाटी मात्र लावू दिली नाही. "पोरी धडा वाचेल की माझा नाव वाचेल?" म्हणाले होते म्हणे. त्यामुळे खोली कुणाची, हे आम्हा मुलींना ठाऊकच नव्हतं. घरी एका खोलीत आम्ही नऊ माणसं. ती अभ्यासिका नसती तर मी कसली मॅट्रिक होतेय!

माझं मॅट्रिकचं वर्ष आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एकदमच आली. गोळीबाराच्या बातम्यांनी डोकी तापली होती, माझं जरा जास्तच. एका दुपारी शेठचं दुकान बंद बघून मी फळीवर खडूने ठसठशीत लिहिलं, 'मुंबई आमची. चालते व्हा.' मोठी मर्दुमकी! दुसऱ्या दिवशी अभ्यासिका सांभाळणाऱ्या सिंधूबाई कडाडल्या, "कुणी गं लिहिलं ते? ज्याच्या खोलीत बसता त्यालाच हाकलता?" मी पुस्तकात तोंड खुपसलं. कळलं असतं तर बाईंनी अभ्यासिकेतून काढलं असतं आणि अण्णांनी शाळेतून. परीक्षा झाली, पास झाले, शाळेत शिकवायला लागले, तरी माझी वाचा बसलेलीच. दुकानावरून जाताना पदर सावरायचं निमित्त करून मान वळवायची. शेठ मात्र गादीवरून हाक मारायचे, "काय बाई, पोरी शिकते ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा त्यांच्या पत्नीला, मोंघीबेनना, भेटायला गेले. राहवेना, सगळं सांगून टाकलं आणि हमसून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "त्यांना माहीत होता, बेटा. दुकानाच्या वर आमच्या गॅलरीत उभेच होते. मी तुला पकडायला खाली धावत होती, तर माझा हात धरला. बोलले, गप रहा, कुणाला समजला तर पोरीचा अभ्यास बंद होईल."

चार वर्षं मी शेठपासून तोंड लपवत होते... आणि शेठ मला अख्ख्या वाडीपासून लपवत होते.