मिक्चर, मलम आणि करीमचाचा

लोक मला विचारतात, "बाई, एवढे किस्से तुमच्यापाशी येतात तरी कुठून?" आता काय सांगू! मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहिलं की समोरचा माणूस स्वतःच बोलायला लागतो. कुठं दुखतंय, कुठं खाजतंय, सासूला सांगितलं का न्हाई, सगळं सांगून मोकळा. आणि आमच्या दुकानात तर माणसाला थांबावंच लागायचं. कारण आमच्याकडं बरीचशी औषधं तयार मिळत नव्हती, चिठ्ठी बघून तिथल्या तिथं बनवून द्यायचो. खल फिरतोय तोवर माणूस बोलणार न्हाई तर काय करणार!

दुकान लातुरात, गंजगोलाईच्या पेठेपासून चार पावलांवर. मालक अप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडात "शिव शिव" आणि डोक्यात एकच हट्ट: आलेला माणूस औषधाशिवाय परत जाता कामा नये. औषधं बनवणारे करीमचाचा, सगळी हयात खल फिरवण्यात गेलेली. आणि तिसरी मी, कंधारची, फार्मसीचा डिप्लोमा करून नुकतीच आलेली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नवा नवा जिल्हा झालेला आणि दुष्काळ पडलेला. कचेरी रोज एक नवी उघडायची, पाणी मात्र तिसऱ्या दिवशी टँकरनं यायचं.

*

पहिल्याच दिवशी चाचांनी माझ्यापुढं पांढऱ्या भुकटीचा ढीग ठेवला.

"बेटा, यातून वीस पुड्या कर. सगळ्या सारख्या पायजेत."

मी कॉलेजात पहिली आलेली. झटक्यात वीस पुड्या बांधून पुढं सरकवल्या. चाचांनी एकेक पुडी तराजूत घातली. एकोणीस बरोबर निघाल्या. विसावी जराशी जड. जराशीच! चाचांनी वीसच्या वीस पुड्या सोडल्या आणि ढिगात ओतल्या.

मला रडूच आलं. "चाचा, एकोणीस तर बरोबर होत्या की!"

"हाव, होत्या. पण विसावी ज्याच्या तोंडात जाईल, त्याच्या घरी हे सांगायला जाणार कोण? तू का मी?"

त्या दिवशी मी साठ पुड्या बांधल्या. काउंटरवर गेल्या त्या शेवटच्या वीस!

*

आमच्या बाटल्यांवर लावायच्या लेबलांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून ठेवलेले होते, आणि सगळ्यांवर "जि. उस्मानाबाद". जिल्हा बदलला, पण अप्पा लेबलं फेकायला तयार न्हाईत. "कागद चांगला हाय, डिंक चांगला हाय. फेकायचं कशाला?"

एकदा औशाचे एक पाटील आले. पोटाचं मिक्चर घेतलं, बाटली डोळ्याजवळ नेली आणि परत काउंटरवर ठेवली.

"हे नको. हे उस्मानाबादचं औषध हाय. आमचा जिल्हा आता लातूर. आम्हाला लातूरचं पायजे!"

मी समजावून थकले. शेवटी चाचा आतून आले. बाटली घेऊन आत गेले, जराशानं बाहेर आले. उस्मानाबादवर काट मारून वर सुबक अक्षरात "लातूर" लिहिलेलं.

आठ दिवसांनी पाटील पुन्हा हजर. "बघा बाई, मागल्या दोन बाटल्यांनी काही फरक न्हाई. ही लातूरची घेतली अन् दोन दिवसांत पोट साफ!"

*

एक म्हातारी रोज यायची. लघवीच्या जळजळीची चिठ्ठी एकदाच आणलेली, पण बाटली रोज नवी मागायची. मला शंका आली. एवढं औषध पोटात जायला नको.

"आजी, जळजळ अजून होतीय का?"

"न्हाई माय. ती कवाच थांबली."

"मग हे कशाला पिऊन राहिलात?"

म्हातारी काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "तुमचं पाणी लई चांगलं लागतंय. टँकरच्या पाण्याला वास मारतोय. आता असं कर, औषध कमी घाल, पाणी जास्त घाल."

मिक्चरसाठीचं पाणी चाचा स्वतः उकळून, गाळून बरणीत भरून ठेवायचे. त्या पाण्याला हात लावायची अप्पांनासुद्धा परवानगी नव्हती. मला वाटलं, आता म्हातारीचं काही खरं न्हाई. चाचांनी सगळ्यात मोठी बाटली धुतली, त्या बरणीतलं पाणी तिच्यात काठोकाठ भरलं, बूच लावलं आणि शिस्तीत लेबल चिकटवलं. मी वाचलं.

"पाणी. तहान लागेल तेव्हा."

*

एक बाप फिटच्या पुड्यांची चिठ्ठी घेऊन आला. पोराला घरी आजीजवळ ठेवून हा एकटाच डॉक्टरांकडं जाऊन आलेला. चिठ्ठीवर लिहिलेलं, "वय ८". डोस आठ वर्षांच्या पोराला बरोबर होता. मी खल पुढं ओढला आणि उगंच बोलायचं म्हणून विचारलं, "कितवीत हाय पोरगं?"

बाप हसला. "कितवीत? अजून नीट बसायला येत न्हाई त्याला!"

माझा हात जागीच थांबला. "आठ वर्षांचं ना?"

"आठ महिन्याचं! डॉक्टरांनी 'किती?' विचारलं, मी 'आठ' म्हणालो. महिने म्हणायचं राहिलं वाटतं."

मी चिठ्ठी घेतली आणि बापाला घेऊन चालत दवाखान्यात गेले. बाहेर ही गर्दी! डॉक्टर वैतागले. "औषध काय द्यायचं हे आता तुम्ही मला शिकवणार? डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

मी जागची हलले न्हाई. म्हणलं, "तुम्हीच, साहेब. म्हणून तर तुमच्याकडं आले. पण पुडी माझ्या हातानं जायचीय. हे पोरगं आठ महिन्यांचं हाय."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि बापाला म्हणाले, "पोराला घेऊन या. आत्ता. बघितल्याशिवाय मी काही लिहिणार नाही." पोरगं वाचलं, चांगलं झालं. पण डॉक्टरांनी एवढा धसका घेतला की पुढं महिनाभर त्यांच्या चिठ्ठ्या अशा यायच्या: "वय ७२. वर्षे!"

*

मुलींच्या एका वसतिगृहात खरूज पसरली. साठ मुली, अंगाला पाणी न्हाई, एकीचं दुसरीला. तिथल्या बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "गावात एवढ्या ट्यूबा कुठंच मिळेनात." अप्पा म्हणाले, "बनवू की!" दोन दिवस मी आणि चाचा काचेच्या पाटीवर गंधक आणि व्हॅसलीन घोटत होतो. खांदे भरून आले. चाचा दर घाण्यातलं बोटभर मलम कागदावर पसरून बघायचे आणि एक कण खरखरीत लागला की म्हणायचे, "फिर से."

मलम तयार झालं. मी लेबलावर लिहिलं, "आंघोळ करून, अंग कोरडं करून लावावे." ते वाचून बाई हसल्या. रडू येतं तसं हसल्या. "आंघोळ? अहो, प्यायला मारामार हाय!"

आता आली पंचाईत! दुकानामागंच अप्पांचं घर, तिथल्या आडाला तेवढं थोडं पाणी होतं. अप्पांच्या पत्नी आक्का आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "रोज दहा पोरी पाठवा. मी घालते न्हाऊ."

सहा दिवस आक्कांनी परसात स्वतः पोरींना न्हाऊ घातलं, स्वतःच्या हातानं मलम लावलं. तेवढं पाणी पुरावं म्हणून अप्पा सहा दिवस ओलं फडकं अंगावरून फिरवून पूजेला बसले. शेजारीण टोचून म्हणाली, "आंघोळीबिगर पूजा? महादेवाला चालतंय का आक्का?"

आक्का म्हणाल्या, "महादेव कुठं रोज आंघोळ करतोय? राख फासून बसलाय की!"

*

आणि आता देगलूरची गंगामणी. आठ-नऊ वर्षांची, अंगात रक्त न्हाई, ओठ पांढरेफट्ट. डॉक्टरांनी आईला बजावलेलं, महिनाभरात रक्त वाढलं न्हाई तर बाहेरून चढवावं लागेल. लोहाचं मिक्चर लिहून दिलेलं. ते मिक्चर म्हणजे गंजका खिळा चाटल्यासारखी चव! पोरीनं जिभेला लावलं आणि थुंकलं.

"वद्दु!" म्हणजे तेलुगूत नको.

मी संत्र्याचा वास घालून बघितला. "वद्दु!" गुलाबाचा घातला. "वद्दु!" आईनं हात उगारला तर पोरगी दात आवळून बसली. शेवटी चाचांकडं बोट दाखवून म्हणाली, "बनवलं यांनी. आधी यांना प्यायला सांगा!"

रमजान चालू होता. मे महिन्याचं ऊन, चाचांच्या घशात पहाटेपासून पाण्याचा थेंब न्हाई. आई म्हणाली, "अगं, त्यांचा रोजा हाय. ते कसं पितील?"

"रोजा कवा सुटतो?"

"दिवस मावळल्यावर."

"मग मी बसते."

देगलूरची शेवटची गाडी निघून गेली. आक्का म्हणाल्या, "राहू दे, इथंच झोपा दोघी." पोरगी काउंटरवर मांडी घालून बसली ती हललीच न्हाई. अजान झाली. चाचांनी खजूर उचलला.

"खजूर नंतर," गंगामणी म्हणाली. "आधी औषध."

अप्पा पुढं झाले, "ए पोरी..." चाचांनी हातानंच त्यांना थांबवलं. खजूर खाली ठेवला. "बिस्मिल्ला" म्हणले आणि पेल्यातला डोस एका घोटात प्याले. तोंड जराही वाकडं केलं न्हाई.

पोरगी बघत राहिली. मग मी तिला कागदाची नळी दिली. "नळीनं पी. न्हाईतर दात काळे पडतात." ती डोळे मिटून सगळा डोस प्याली. वर चाचांना दम दिला, "मी तिकडं रोज पिणार. तुम्ही इथं रोज प्यायचं. कबूल?"

"कबूल."

महिन्यानं मायलेकी परत आल्या. पोरीचे ओठ लाल, गालांवर रंग. आईचे डोळे भरून आलेले. गंगामणी मात्र सरळ काउंटरपाशी आली, टाचा उंचावल्या आणि म्हणाली, "चाचा, रोज प्यालात?"

"हाव."

"खोटं! तोंड उघडा."

चाचांनी "आ" केला. वरचे, खालचे, सगळे दात काळेकुट्ट!