चकाकडचं टोक

मावशी आजोबांच्या हाताखाली टर्नर झाली. ते गेल्यावर घरामागच्या शेडमधल्या, लोखंड कातायच्या लेथवर तिनं एकटीनं सोळा वर्षं पंपाच्या पिना आणि बुश काढले. मग पिना परत येऊ लागल्या. चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा लेथचा जबडा. पिनेचं त्याच्याकडचं टोक केसभर जाड येई. तिनं टूल बदललं, चष्मा बदलला, पिना दोनदोनदा घासून दिल्या. शेवटचं गिऱ्हाईक जाताना म्हणालं, "बाई, वयानं हात जड होतोच. वाईट वाटून घेऊ नका." त्याच संध्याकाळी मावशीनं लेथवर ताडपत्री टाकली आणि पुढच्या आठवड्यापासून पडद्यांच्या दुकानात कापड मोजू लागली.

त्याला नऊ वर्षं झाली. ताडपत्री फाटली, लेथ गंजून विटकरी झाला. मावशी तो विकूही देईना आणि दुरुस्तही करू देईना. मावशीचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "आमच्याकडे एक पाहुणा नऊ वर्षं झोपलाय. त्याला उठवायचं नाही आणि घालवायचंही नाही, असा हुकूम आहे."

कारण तिनं एकदाच सांगितलं, माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालताना. "समज, दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. मग दोष कुणाचा उरला?" एवढं बोलून तिनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं.

यंदा शेडचं छप्पर उतरवायचं होतं, त्यामुळे लेथचा निकाल लावणं भागच पडलं. काकांनी तिला न विचारता एका जुन्या फिटरना बोलावलं. बारीकशा फरकावरून जगाशी भांडतात म्हणून सगळे त्यांना मायक्रॉन म्हणत.

मावशी हाताची घडी घालून दारातच उभी राहिली. मायक्रॉननी रॉकेल ओतून, चिंध्यांनी घासून बेड उघडा केला. टूल ज्याच्यावरून मागंपुढं सरकतं तो हा लांब लोखंडी पाया. त्याच्या दूरच्या टोकाला आजोबांनी हातानं तासलेली, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी अजून होती. चकाजवळ ती पार पुसली गेली होती. मायक्रॉननी बेडवर सरळ पट्टी ठेवली आणि तिच्याखाली मापाची पातळ पाती सारून पाहिली. दूरच्या टोकाला सगळ्यात पातळ पातंही शिरेना. चकाजवळ एक गेलं. त्याच्यासोबत दुसरं. मग तिसरं.

"ताई, बातमी चांगली नाही. इथं बेड झिजलाय."

"किती?"

"तीन पाती."

"परत मोजा."

"मी मोजलेलं परत मोजू?" ते दुखावले, पण मोजलं. "तीनच. सगळी छोटी कामं इथंच केलीत ना? मग झिजणार नाही तर काय?"

"इथं पिन काढली तर?"

"चकाकडचं टोक जाड येणार. ब्रह्मदेव आला तरी जाडच येणार."

मावशीचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

"यांना काय झालं?" मायक्रॉननी काकांना विचारलं. "अशा बातमीला लोक डोक्याला हात लावतात."

"आणखी थोडं वाईट सांगा," काका म्हणाले. "ऐकतेय ती."

आणखी वाईट होतंच. बेड मोठ्या कारखान्यात नेऊन घासून आणायचा, वरचं सगळं नव्यानं बसवायचं. "तेवढ्या खटाटोपात दुसरा लेथ उभा राहील. ठरवा तुम्ही."

"उद्या सांगते. तुमच्या लेथचा बेड सरळ आहे?"

"माझ्याकडे वाकडं काही टिकत नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमध्ये तिनं केस घट्ट बांधले, बाह्या दुमडल्या. पहिल्याच कापाला हँडल जास्त फिरलं. ती थांबली, मागं आली, पुन्हा सुरुवात केली. लोखंडाच्या किसाच्या निळसर चक्र्या सुटत राहिल्या. पिन गार होऊ दिली. मग मायक्रॉननी ती दोन्ही टोकांना मोजली, मध्ये मोजली, उलटी करून पुन्हा मोजली.

"बोला की, भाऊ."

"काय बोलू?" ते वैतागले. "काही सापडतच नाहीये."

घरी येताच तिनं काकांना सांगितलं, "अहो, भंगारवाल्याला बोलवा."

"नक्की? तुझ्या वडिलांचा लेथ आहे तो."

"थकला होता हो बिचारा," ती चपला काढत म्हणाली. "थकला तो आणि बोलणी खाल्ली मी."

मग आत जाऊन तिनं साबणानं हात धुतले आणि भर दुपारी तासभर गाढ झोपली.