माझा फेटा कुणी बांधला

आमच्या कोऱ्हाळ्यात नवरदेवाचं डोकं आधी आबांच्या ताब्यात जायचं, मग नवरीच्या. कडबा कापायच्या कुट्टी मशीननं माझ्या या चुलत्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती, उरलेली ताठ झाली होती. ते कापडाचं टोक दातात धरत, तो हात खुंटीसारखा लावत आणि डाव्यानं झकास फेटा बांधत. वर नवरदेवाला दम, "मान ताठ ठेव. लगीन लागल्यावर हायेच खाली घालायची!"

पण असल्या हाताला मजुरीवर कोण बोलावणार? लग्नसराई सरली की घरात ठणठणाट. म्हणून मी त्यांना बारामतीच्या अपंग तपासणी शिबिराला नेलं. दाखल्यावर चाळीस टक्के आले तरच पेन्शन. डॉक्टर भला माणूस. त्यानं विचारलं, "आबा, शर्टाचं बटण लावता येतं?"

"बटन काय घिऊन बसलाय सायेब?" आबांना चेव आला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी तिथल्या शिपायालाच फेटा बांधला. रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि टक्के चाळीसच्या आत आले.

काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "तितं हौस भागवाय गेलावता व्हय? फुडच्या बारीला नुसतं बटन लावून दावा."

पुढच्या वेळी आबा बटणाशी झटले आणि हरले. त्यात खोटं काही नव्हतं, घरी त्यांची बटणं काकूच लावत. पेन्शन सुरू झाली, काकूंची बीपीची गोळी चुकेनाशी झाली. सरकारबद्दल भलं बोलायलाच हवं.

पण आबांनी फेटे बंद केले. "कुनी फोटू काढून दावला तर? दाखला जाईल की रं!" पोटासाठी माणसानं आपलं कसब लपवायचं, याचा मला आजही राग येतो.

माझ्या लग्नात दुकानातला तयार फेटा होता, सारखा कानावर घसरत होता. आबा लांबून बघत नुसते चुळबुळत होते. अक्षतांच्या आधी त्यांनी मला आचाऱ्याच्या तंबूमागं ओढलं, काकूंना राखणीला उभं केलं आणि पिशवीतून गुलाबी कापड काढलं. "काढ ती टोपी. मान ताठ ठेव."

मांडवात जो तो विचारी, "फेटा कुणी बांधला?" आबा समोरच बसले होते, उजवा हात खिशात घालून. मी सांगत राहिलो, "दुकानातला आहे."

आबा आता नाहीत. दाखला जायची भीतीही नाही. म्हणून सांगतो, माझा फेटा आबांनी बांधला होता.