तिच्याकडे वळणारा आवाज

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट असेल. आरमोरीत एका राइस मिलच्या मागच्या खोलीत मी गाणी रेकॉर्ड करायचो. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले, दाराला दोन सतरंज्या, टेबलावर नागपूरहून आणलेला जुना कॉम्प्युटर. मिल चालू असली की काम बंद ठेवावं लागे आणि मिल बंद असली की बहुतेक वेळा वीजही गेलेली असे. जो वेळ हाती लागे त्यात भजनी मंडळं, नाटकात गाणाऱ्या बाया, लग्नाची गाणी म्हणणारे लोक येत. तास-दोन तास खोली भरून जाई. मग ते आपापल्या बसने निघून जात आणि त्यांचे आवाज माझ्याकडे राहत.

मी मूळ भद्रावतीचा. वडील कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं घर सुटलं आणि आईवडील मोठ्या भावाकडे पुण्याला गेले. मला कोणी बोलावलं नाही असं नाही. पण दुसऱ्यांदा कोणी म्हटलं नाही. आरमोरीत माझं असं कोणी नव्हतं. कधीकधी दोन-दोन दिवस माझा कोणाशी शब्द होत नसे. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यात परक्या माणसांची गाणी.

त्या दिवसांत मला ऑटोमेशनचा नाद लागला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाचा एक आडवा पट्टा असतो, त्याला ट्रॅक म्हणतात. त्या पट्ट्यावरून एक बारीक रेघ जाते. ती वर ओढली की आवाज मोठा होतो, खाली ओढली की लहान. मूळ आवाजाला काही धक्का लागत नाही. कुठं चढायचं, कुठं उतरायचं एवढंच आपण लिहून ठेवतो आणि गाणं पुढं जाताना कॉम्प्युटर ते वाचत जातो. कधी मी माऊसने ठिपके देऊन रेघ वाकवायचो, कधी गाणं चालू ठेवून पडद्यावरचं सरकतं बटण वरखाली करायचो. दुसऱ्या दिवशी तेच गाणं लावलं की ते बटण आपोआप हलू लागे. कालचा माझाच हात असायचा तो. तरी मी काम सोडून त्याच्याकडे बघत बसायचो, खोलीत आणखी कोणी असल्यासारखा.

पावसाळ्याच्या आधी एक म्हातारं जोडपं आलं. जवळच्याच गावचं, तलावात मासे धरून पोट भरणारं. त्यांची मुलगी एटापल्लीला नर्स होती. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद पडत, महिनोन् महिने भेट होत नसे.

"पोरीले आमचे गाणे पाहिजे," बाई म्हणाल्या. "एक कॅसेट भरून द्या, भाऊ. तिथी एकटी राह्यते ते."

मी दोघांना दोन माईक दिले. म्हातारा एक ओळ म्हणे, पुढची बाई उचलत. तलावातल्या कमळांचं, जाळं ओढण्याचं लांबलचक गाणं होतं. म्हाताऱ्याचा आवाज भरदार; पण ओळ संपत आली की तो मान वळवून बायकोकडे बघे आणि आवाज माईकपासून दूर जाई. मी दोनदा थांबवून सांगितलं, "भाऊ, समोर पाहून म्हणा." तो मान हलवी आणि पुढच्या ओळीला पुन्हा वळे. त्याला कमी ऐकू येत असावं, असं मी धरून चाललो. आठ दिवसांनी या, म्हणून त्यांना पाठवलं.

ते आठ दिवस मी त्याच गाण्यावर बसलो. म्हातारा जिथं जिथं वळला होता, तिथं तिथं मी रेघ वर चढवली. ओळी संपल्यावर त्याच्या ट्रॅकवर काहीतरी खुसफुस ऐकू येई. श्वासाचा नाहीतर कपड्यांचा आवाज समजून मी तिथं रेघ शून्यावर नेली. शेवटी त्याचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा लागला. मला फार अभिमान वाटला. पण दाखवणार कोणाला?

आठ दिवसांनी कोणी आलं नाही. महिना गेला, पाऊस लागला. मग एका दुपारी बाई एकट्याच दारात उभ्या राहिल्या. हातात ओली छत्री.

"भाऊ नाही आले?" मी विचारलं.

"बुढा गेला," त्या म्हणाल्या. "चार रोज ताप होता. डोक्यात चढला."

मी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "गाणं हाये ना?"

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि गाणं सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले. दोन-तीन ओळी झाल्या आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"हा कोण गावून राह्यला?"

"भाऊच आहेत, बाई."

"नाई. बुढा असा नाई गाये. तो माह्याकडे पाहे. मी शब्द भुलते ना, भाऊ. पहिल्यापासूनच भुलते. मंग तो माह्याकडे तोंड करून पुढचा शब्द सांगे मले. तुम्ही त्याले सरळ करून टाकलं."

मी म्हाताऱ्याच्या ट्रॅकचं ऑटोमेशन बंद केलं. एका क्लिकचं काम. आठ दिवसांची माझी रेघ बाजूला झाली आणि आवाज होता तसा पुढं आला. ओळीच्या शेवटी दूर जाणारा, पुढच्या ओळीला परत येणारा.

"हो," बाई म्हणाल्या. "आता वळला."

मग मी गाणं हेडफोनवरून स्पीकरवर घेतलं आणि नव्याने रेघ काढायला घेतली, त्यांना शेजारी बसवून. आता उलटं करायचं होतं. ओळ संपली की बाईंचा ट्रॅक खाली उतरवायचा आणि म्हाताऱ्याच्या ट्रॅकवरची ती खुसफुस वर आणायची. पहिल्याच जागी ती स्वच्छ ऐकू आली. हळू, घाईघाईने म्हटलेलं, "कमळ... कमळ म्हण."

बाईंच्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघाली. माईक बंद होता. त्या खोलीत, टेबलाशी बसून, त्या शेवटपर्यंत गात राहिल्या. तो सांगत गेला, त्या म्हणत गेल्या. एका कडव्यात त्याने सांगूनही त्या चुकल्या होत्या आणि तो नाकातल्या नाकात हसला होता. ते हसू महिनाभर माझ्याकडे होतं आणि मी ते शून्यावर ठेवलं होतं. बाईंनी ते हसू तीनदा ऐकलं. चौथ्यांदा मी लावायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. पोरीजवळ आयकीन."

मी कॅसेट भरून दिली. ती त्यांनी पदरात बांधली. मी बसस्टँडपर्यंत छत्री धरून सोबत गेलो. बस लागलेली होती. चढताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण हाये, भाऊ?"

"आहेत सगळे," मी म्हणालो. "पुण्याला."

त्यानंतर त्या कधी दिसल्या नाहीत. त्यांच्या गावचा एक माणूस भजनाच्या रेकॉर्डिंगला आला तेव्हा कळलं की बाई मुलीकडेच राहिल्या. बरं वाटलं. त्या दिवशी मी घरी फोन करायचा म्हणून एसटीडी बूथवर गेलो, रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर काय बोलायचं ते सुचेना म्हणून परत आलो.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरची डिस्क गेली. नागपूरला दाखवली, पण त्यातलं काही परत मिळालं नाही. ते गाणंही नाही. पुढं हळूहळू लोक मोबाइलवर गाणी ऐकायला लागले, खोलीत येणारे कमी झाले. चंद्रपूरला एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंना संगीत जोडायचं काम मिळालं तेव्हा मी आरमोरी सोडली.

सामान टेम्पोत भरताना मिलच्या मालकीणबाई बघायला आल्या. रिकाम्या खोलीत त्यांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्यांवरून हात फिरवला.

"इतके वर्षं राह्यले तुम्ही इथी," त्या म्हणाल्या, "पण तुमचा आवाज काही कधी आयकू नाई आला."

मी हसलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.