पांढरीवरचा मंडप

पुण्यात वऱ्हाडी पोरांना पोटभर जेवू घालणारी धम्मशीलाबाई पुरातत्त्वाचं मंडळ काढेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तिने काढलं. तिच्या खानावळीत ठेचा जास्तीचा हवा असेल, तर आधी मोताळ्याजवळच्या तिच्या गावची पांढरी ऐकावी लागे. पांढरी म्हणजे जुनं गाव जिथे गाडलं गेलं, ते पांढऱ्या मातीचं टेकाड. लहानपणी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, टाकायला ती आईबरोबर तिथली माती आणायची. एकदा तिच्या टोपल्यात हातभर लांब वीट आली. एवढी वीट कोण पाडत होतं, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यात घर करून बसला. शेवटी बुलढाण्याकडचे आम्ही सगळे जेवणारे तिने गोळा केले, मंडळाला नाव दिलं आणि संशोधक रेणुकाताईंच्या हात धुऊन मागे लागून त्यांना गावी यायला राजी केलं. ताईंनी एकच सांगितलं होतं: टेकाड कुणी उकरलेलं नसेल, तरच मातीच्या थरांवरून काही कळेल.

बाईने गावाला मात्र यातलं काहीच कळू दिलं नाही. जुनी वीट म्हटलं की आमच्याकडे लोकांना गुप्तधनच दिसतं. सुगावा लागला तर कुदळी घेऊन तुटून पडतील, ही तिची भीती. मी जानेफळचा, आमचा मुलूख मला ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्हीही मान डोलावून म्हणालो. थोरल्या भावाला, पुंजाजीला, तिने फोनवर एवढंच सांगितलं की पुण्याची माणसं येताहेत, पांढरीवर जरा बसू.

गाडीतून उतरलो आणि मला वाटलं, गाव चुकलं. टेकाड नव्हतंच. सपाट मैदान, त्यावर मंडप, खुर्च्या, पुढे रांगोळी. पुंजाजी नवा फेटा बांधून सामोरा आला. बहिणीचे पाहुणे उंचसखल जागेत बसवायचे कसे, म्हणून त्याने जेसीबी लावून जागा सारखी करून घेतली होती. माती लोकांनी शेतात टाकायला नेली होती.

"कशी झाली वं शीला जागा? तुह्या पाहुण्याईले बसाले बरी हाय ना?"

रेणुकाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मंडपाच्या कोपऱ्यात तीन विटांच्या चुलीवर आमच्यासाठी चहा उकळत होता. विटा हातभर लांब होत्या.

मला संताप आला, आणि तो काढावा कुणावर हे कळेना. एवढ्या मायेने केलेल्या कामाला शिवी तरी कशी द्यायची? बाई आता ओरडेल, असं वाटलं. तिने भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि टोपल्यातल्या विटेपासून सगळं सांगितलं.

"मले काऊन नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"भेव वाटलं, दादा. लोकं पांढरी खंदून टाकतीन म्हणून."

पुंजाजी उठला, चहाचं पातेलं उतरवलं आणि चुलीतल्या तापलेल्या विटेला हात घातला. बाई "सोड, दादा, सोड" म्हणत राहिली, पण त्याने ती वीट सोडली नाही.