माझ्या दारातला सडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिलाही सांगितलं नव्हतं — एका छपराखाली राहणाऱ्या बाईला कोण फसवणार?

चौक गावात जुन्या हायवेवर माझं मिसळीचं हॉटेल आहे. खाली धंदा, वर आम्ही. खोपोलीपासून कर्जतपर्यंत माझी ख्याती अशी, की कोंबडा आरवण्याआधी नानाची परवानगी घेतो. का? तर कितीही पहाटे बघा, माझ्या दारात सडा पडलेला. थंडी असो, ताप असो, खाडा नाही. शटर मात्र आठला उघडायचं. मधल्या वेळात मी जपाला बसतो, हे लोकांनीच ठरवलं. मी कशाला खोडू? व्यापाऱ्यांनी एकदा मला ‘धंद्यातली शिस्त’ यावर बोलायला बोलावलं. बोललो की! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पाणी — हो, पाण्याचंच सांगायचंय. जरा थांबा, एकदम तोंडातून येत नाही.

समोर पांडूची चहाची टपरी. माझा लहानपणचा दोस्त. सातला उठायचा. त्याचा बाप माझ्या ओल्या दाराकडे बोट दाखवून त्याला सोलून काढायचा. मग पांडू पाचला उठू लागला, मग चारला, मग त्याच्याही आधी — एकदा तरी नानाच्या अगोदर सडा टाकायचाच म्हणून. कधीच जमलं नाही. पण तेवढ्या पहाटे दुधाचे टेंपो, कुंभिवलीच्या कारखान्यांतली पहिली पाळी, सगळे त्याच्याकडेच थांबू लागले. टपरीचा बघता बघता धाबा झाला. उद्घाटनाला त्याने शाल मलाच घातली. म्हणाला, "हे सगळं नानाच्या सड्यानं केलंय."

मी शाल घेतली. नीट सारखी करून घेतली.

आणि सडा? तो मी कधी टाकलाच नव्हता. छतावरची टाकी टाकायची! रात्री अडीच-तीनला नळाला पाणी यायचं, टाकी भरायची, आणि भरल्यावर पाणी बंद करणारा बॉलकॉक मोडलेला असल्याने दारात ओसंडायची. तो मी निव्वळ आळसापायी बदलला नव्हता. शिस्त टाकीची होती. मी तर असा घोरायचो, की घाटात ठाकुरवाडीला रेल्वेचे इंजिनवाले ब्रेक लावायचे.

मागच्या महिन्यात पांडूला चक्कर आली. डॉक्टरांनी झोप सांगितली, हा ऐकेना. त्याची बायको माझ्याकडे आली. "भावजी, तुमी एक दिस तरी उशिरा उठा. तुमचं दार कोरडं दिसलं तरच आमचं हे निजतील."

मी काय म्हणालो असेन? "वहिनी, नेम मोडणं जिवावर येतं. पण तुमच्यासाठी मोडतो." तोंड वर करून म्हणालो!

त्याच दिवशी बॉलकॉक बसवला. दुसऱ्या पहाटे धास्तीनेच जाग आली. खिडकीतून पाहिलं — दार कोरडं ठणठणीत. समोरून पांडू बादली घेऊन आला. माझ्या दाराकडे बघत उभा राहिला. वाटलं, जिंकला एकदाचा, आता जाऊन झोपेल. त्याने इकडेतिकडे पाहिलं — आणि माझ्या दारात सडा टाकला. मग आपल्या.

सकाळी गिऱ्हाइकांना सांगत होता, "नाना आजारी हाय, तरी नेम चुकवला नाय."

त्या पहाटे फक्त जिना उतरायचा होता. मी चादर डोक्यावरून ओढली.

टाकी आता थेंबभरही गळत नाही. दार रोज ओलं असतं.