तुळजाक्काची बडबड

हिरवळ कापताना तुळजाक्काला गप्प बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यासमोर मोठी हिरवळ होती आणि ती कापायला हाताचं जुनं मशीन. त्याला दोन माणसं लागायची. मागून दांडा धरून ढकलायला तिचे यजमान मारुतीराव, आणि पुढून दोरी खांद्यावर घेऊन ओढायला ही. ओढता ओढता तोंडाचा पट्टा सुरू. "पाइप कुणी मेल्यानं आडवा टाकलाय?" "ह्या गुलाबाला काय धाड भरलीय, वाटेत पसरलाय नुसता!" "दगडाला दुसरी जागा मिळाली नाही होय?" "आलं बाई एकदाचं कुंपण!" मी व्हरांड्यातून म्हणायचो, "अक्का, मशीनपेक्षा तुमचंच तोंड जास्त चालतं." त्यावर ती हसून म्हणायची, "तोंड बंद केलं की पाय चालत नाहीत, सार."

आता सांगूनच टाकतो. मारुतीरावांना दिसत नव्हतं. दोन वर्षांत नजर हळूहळू गेली होती आणि तुळजाक्का त्यांना त्या बडबडीतून वाट दाखवत होती. डावं-उजवं म्हणाली असती तर कुणालाही कळलं असतं, म्हणून ती पाइपला, गुलाबाला आणि दगडाला शिव्या घालायची. हे कळलं तर नवऱ्याचं काम जाईल, एवढी एकच भीती तिला होती. मी रोज तिथे उभा राहून ऐकत होतो आणि मला अक्षरही कळलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून इथे, कन्नड मुलखात आलो. कारखान्याचं आवार, बस, कॅन्टीन, सगळं माझ्याकडे. कन्नडचा गंध नाही. पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी मराठी कानावर आली आणि मी वेड्यासारखा धावलो. "आमचे लोक फौजेच्या घोड्यांबरोबर आले होते इकडे, सार," तुळजाक्कानं ओळख करून दिली. "घोडे गेले, आम्ही राहिलो." तिची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. थोडं म्हणजे 'स्वल्प', ठीक म्हणजे 'सरी'. काहीही बिघडलं तरी तिचं ठरलेलं, "स्वल्प दम घ्या, सरी होतं सगळं." माझी बायको जे. पी. नगरच्या घरी नवीन आली तेव्हा हिनंच तिला बनशंकरीच्या बाजारात नेऊन भाव करण्यापुरतं कन्नड शिकवलं. कारळ्याची चटणी तर महिन्याच्या महिन्याला यायची. नको म्हटलं तर रागवायची.

मारुतीराव अगदी उलटे. उंच, सडसडीत, बोलणं तोलूनमापून. सकाळी चप्पल काढून गवतावर क्षणभर उभे राहायचे आणि सांगायचे, "आज नको. ओल आहे." कापलेल्या पट्ट्या अशा सरळ की परदेशी पाहुणे त्यांचे फोटो काढायचे. आमच्या आवारात त्यांना मान होता आणि तो त्यांना ठाऊक होता.

एका मे महिन्यात, भर दुपारी, तुळजाक्कानं घाम पुसायला पदर बाजूला केला आणि तिच्या खांद्यावरचा दोरीचा काळा वळ मला दिसला. मला लाज वाटली. एका बाईला बैलासारखं जुंपतो आपण! सहा महिने मी मॅनेजरांच्या मागे लागलो, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेली आणि शेवटी नवीन मशीन मंजूर करून घेतलं. पेट्रोलचं. मागची चाकं इंजिनावर फिरायची, दांड्यावरचा खटका दाबला की ते आपलं आपण पुढे जायचं, माणसानं नुसतं मागून चालायचं. एकाच माणसानं. जुनं मशीन विक्रेता बदल्यात घेऊन जाणार होता.

ही बातमी मी पेढे वाटावेत तशी आधी तिला जाऊन सांगितली. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, बिचारी गहिवरली.

"जुनं राहू दे की, सार, कोपऱ्यात," ती म्हणाली. "खायला मागतंय का ते?"

"छे, ते आता जाणार. आणि अक्का, तुम्ही यापुढे सावलीत बसायचं."

"सावलीत बसून काय करू मी?"

मी हसलो. पुढच्या आठवड्यात तिनं आणखी दोनदा तेच विचारलं. जुनं ठेवता येणार नाही का? दोन्ही वेळा मी तिला नव्या मशीनचे फायदे समजावून सांगितले. शहाणाच की नाही मी!

मशीन आलं त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, मॅनेजर खाली आले. दांडा मी मारुतीरावांच्या हातात दिला. त्यांनी प्रत्येक खटका बोटांनी चाचपून पाहिला. केवढं बारकाईनं शिकतायत, असं मी मॅनेजरांना कौतुकानं म्हणालोसुद्धा. मग इंजिन सुरू झालं आणि त्या धडधडाटात शेजारच्याचंही धड ऐकू येईना. मशीन चालू लागलं. तुळजाक्का सावलीतून उठून त्याच्या बरोबरीनं धावायला लागली. "पाइप! अहो, पाइप आहे!" तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मला वाटलं, हिला सवय सुटत नाही. मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि तिला मागे ओढलं. "अक्का, करू द्या त्यांना."

मशीन पाइपवरून उडालं, गुलाबांच्या वाफ्यात शिरलं आणि कडेच्या दगडावर आदळून बंद पडलं. पातं तुटलं. कुणाला लागलं नाही. मारुतीराव दांडा घट्ट धरून उभे होते, आम्ही सगळे डावीकडे आणि ते उजवीकडे तोंड करून विचारत होते, "काय झालं? तुळजे, काय झालं?" तिला नावानं हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला काय ते कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आला, ही नजर परत येणार नाही असा. दोघांना मिळून एकच काम होतं, ते गेलं. पत्रावर सही माझी. मी मॅनेजरांकडे जाऊन भांडायला हवं होतं. गेलो, पण भांडलो नाही. 'नियम आहे' असं ते म्हणाले आणि मी मान डोलावून परत आलो. याची मला आजही शरम वाटते.

दोन महिन्यांनी धीर करून बनशंकरीला त्यांच्या घरी गेलो. मारुतीराव उंबऱ्यात बसले होते. आवाजावरून ओळखून त्यांनी हात जोडले. ती त्यांची-माझी शेवटची भेट. तुळजाक्का लग्नाच्या एका हॉलमध्ये भांडी घासायला जायला लागली होती. तिनं मला आत बसवून कॉफी दिली.

"अक्का, मला आधी सांगायचं होतं ना," मी म्हणालो.

"काय सांगू? काम गेलं की हा माणूस बसून जाईल, हे मला ठाऊक होतं. बघा, बसला. आणि तुम्ही किती खूष होता, सार! कसं सांगणार?"

"पण मशीनच एका माणसाचं होतं. दुसरा उपाय तरी काय होता?"

"होता की." ती अगदी साधेपणानं म्हणाली. "मला शिकवायचं. मी चालवलं असतं. हे मागून माझ्या, कापलेलं गवत गोळा करत आले असते. कुणाला काय कळणार होतं?"

मी पेला खाली ठेवला. तिच्यासाठी सहा महिने फाइल घेऊन फिरलो होतो मी.

"तुमच्या मनात आलंच नाही ना ते?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही, अक्का," मी म्हणालो. "नाही आलं."